मराठवाड्यातील मल्लाची वाटचाल : एक जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादच्या इतिहासाविषयी लिहावयास बसले की देवगिरीचे यादव, मलिक अंबरच्या नहरी आणि मोगलांचे तट-दरवाजे ही प्रकरणे आपोआप पुढे येतात. क्रांती चौकाचा उल्लेख आला की १८५७ चे स्मरण होते. हैदराबाद कंटिन्जंटच्या येथील घोडदळातील शिपायांनी त्या वर्षी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि काळ्या चबुतऱ्याच्या परिसरात त्यांना देहदंड सोसावा लागला. चौकाला लाभलेले नाव त्या हौतात्म्याचे आहे. याच चौकात आज छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. शौर्याची आठवण जपणाऱ्या या शहराच्या खात्यावर आणखी एक नोंद आहे. ती मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नसते. ‘महाराष्ट्र केसरी’ हा आज घराघरांत ठाऊक असलेला किताब पहिल्यांदा दिला गेला तो १९६१ साली, याच शहरात.

या नोंदीच्या निमित्ताने मराठवाड्यासारख्या भागातील लहान गावच्या पैलवानाची वाटचाल कशी होत असे आणि आज कशी होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचे योजिले आहे. कुस्तीचे गुणगान पुष्कळ झाले आहे. येथे पाहावयाचा आहे तो तिचा जमाखर्च. पैलवान घडतो तेव्हा खर्च कोण सोसतो, जमेला काय येते आणि अखेरीस शिल्लक काय उरते, हे तीन प्रश्न विचारले की या क्षेत्राचा इतिहास निराळाच दिसू लागतो.

पहिला किताब आणि एक प्रश्न

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने झाली. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात आला आणि अवघ्या वर्षभरात परिषदेची ही स्पर्धा औरंगाबादेत भरली. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेला मराठवाडा नव्या राज्यात नुकताच सामील झाला होता. त्यामुळे या स्थळनिवडीला विशेष अर्थ होता. त्या वर्षी किताबाचे मानकरी ठरले सांगलीचे दिनकर दह्यारी. पुढे तब्बल ४६ वर्षांनी, २००७ साली, हा किताब पुन्हा या शहरात लढविला गेला. तेव्हाही विजेते चंद्रहार पाटील सांगली जिल्ह्यातलेच होते.

दोन्ही वेळी किताब कृष्णाकाठी गेला, यात मराठवाड्याच्या मातीचा किंवा मनगटाचा कमीपणा नाही. प्रश्न आहे तो आश्रयाचा. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात संस्थानिकांचा वरदहस्त होता, बारमाही पाणी होते, दुभती जनावरे होती आणि पुढे सहकारी साखर कारखाने आले. मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळात तर माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि दावणीची जनावरे जगविणे अवघड झाले. ज्या घरात दुभते नाही, त्या घरातील मुलाला पैलवान करावयाचे कसे? कुस्ती हा गरिबांचा खेळ म्हणून ओळखला जातो, परंतु तो स्वस्त खेळ कधीच नव्हता.

राजाश्रय, तालीम आणि बोर्डिंग

पैलवानाचा खुराक हा दुसऱ्याने सोसावयाचा खर्च आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मल्लांचे प्रकार, त्यांचा व्यायाम आणि त्यांचा आहार यांचा त्यात तपशिलाने विचार केला आहे. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. म्हणजे मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच आठ-नऊशे वर्षांपूर्वी मल्लाचे पोषण हा राजाच्या चिंतनाचा विषय झाला होता.

अर्वाचीन काळात ही परंपरा सर्वांत ठळकपणे चालविली ती राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली ते सुरू झाले. मध्यभागी मातीचा आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. मैदानाइतक्याच महत्त्वाच्या होत्या त्या तालमी. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींनी दूरदूरच्या मुलांना निवारा दिला.

याच महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यांत दिगंबर जैन बोर्डिंगही होते. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापुरास आले तेव्हा याच बोर्डिंगमध्ये राहत. कुस्ती आणि मल्लखांब यांची त्यांना मनस्वी आवड होती. पुढे त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहांचे जाळे विणले. तालीम आणि बोर्डिंग ही एकाच विचाराची दोन रूपे होती. खेड्यातला मुलगा गुणी असेल, पण शहरात त्याला अंथरूण आणि अन्न मिळाले नाही तर तो गुण वाया जातो, हे ज्यांनी ओळखले त्यांनी या दोन्ही संस्था उभ्या केल्या.

गावच्या आखाड्यापासून शहराच्या तालमीपर्यंत

पैलवानाची वाट सुरू होते ती गावच्या तालमीत. बहुधा ती मारुतीच्या देवळाशेजारी असते. आत तांबड्या मातीचा हौदा. ही माती चाळून घेऊन तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात, म्हणजे ती मऊ राहते आणि अंगाला झालेली खरचट चिघळत नाही. पहाटे जोर-बैठका, मग हौदा खणणे, मग लढती. वस्ताद बहुधा गावातलाच जुना पैलवान असतो आणि शिकविण्याचे मोल तो घेत नाही.

गावोगावच्या जत्रा आणि उरूस ही या मुलांची पहिली परीक्षा. लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा असो की माळेगावच्या खंडोबाची, कुस्त्यांचा फड हा तिचा अविभाज्य भाग. दुपारी हलगी कडाडू लागली की प्रथम लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. मग चढत्या क्रमाने इनाम वाढत जाते आणि दिवस मावळता मावळता मोठी जोड लागते. कोणाची जोड कोणाशी लावावयाची हे पंच अंगकाठी पाहून ठरवितात. येथे मुलगा चमकला की पंचक्रोशीत नाव होते. कोणीतरी जाणता माणूस त्याच्या वडिलांना म्हणतो, “पोराला कोल्हापूरला धाडा.”

या एका वाक्याने घराचा हिशेब बदलून जातो. शहराच्या तालमीत राहण्यास जागा मिळे, परंतु जेवण आणि खुराक ज्याचा त्याने पाहावयाचा असे. घरून पीठ, डाळ, तूप येई. मुले आळीपाळीने स्वयंपाक करीत. खुराक म्हणजे लिटरच्या मापाने दूध, साजूक तूप आणि बदाम, खसखस, बडीशेप वाटून केलेली थंडाई. घरची म्हैस दूध देत असली तरी ते दूध शेकडो किलोमीटरवर पोहोचत नाही. त्यामुळे दुसऱ्या भावाची शाळा थांबे किंवा बैलजोडीतला एक बैल बाजारात जाई. पैलवानाच्या अंगावर चढणारे मांस कुटुंबाच्या अंगावरून उतरलेले असे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. बरे, इतके करूनही खात्री कशाचीच नाही. एखादा गुडघा निखळला, खांदा उतरला की सात-आठ वर्षांची गुंतवणूक एका क्षणात बुडते. चेचलेले कान तेवढे आयुष्यभर सोबत राहतात.

मैदानाचा हिशेब

मैदान गाजविणारा पैलवान खऱ्या अर्थाने व्यावसायिक असतो. अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती म्हणजे निकाल आधी ठरवून केलेला खेळ, असे स्वरूप विसाव्या शतकात रूढ झाले. आपल्याकडे तसे झाले नाही. जत्रेच्या फडातील जाणकार प्रेक्षक लुटुपुटूची कुस्ती सहन करीत नाही. दोघे नुसतीच खडाखडी करू लागले की तो आरडाओरडा करून पंचांना निर्णय घ्यावयास लावतो. त्याला निकाली कुस्ती हवी असते. घिस्सा, ढाक, एकलंगी, कलाजंग अशा डावांची नावे त्याला तोंडपाठ असतात.

इनाम येते ते यात्रा कमिटीच्या वर्गणीतून, एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या देणगीतून, तिकीट लावलेल्या मैदानाच्या उत्पन्नातून. हंगाम असतो सुगीनंतरच्या काही महिन्यांचा. पावसाळ्यात मैदाने बंद होतात, खुराक मात्र बारा महिने चालू ठेवावा लागतो. कमाईची उमेद विशीत सुरू होते आणि तिशी ओलांडताना मावळू लागते. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे तर भांडवल प्रचंड, उलाढाल हंगामी आणि दुकान दहा वर्षांत बंद होणार हे आधीच ठाऊक, असा हा धंदा आहे. लंडनच्या आखाड्यात १९१० साली नाव कमावलेल्या गामा पैलवानाचेही अखेरचे दिवस हलाखीत गेले आणि १९६० साली लाहोर येथे त्यांचे निधन झाले. मग खेड्यातल्या मल्लाची कथा काय सांगावी!

खाशाबांचा ताळेबंद

राजाश्रय संपला तेव्हा काय झाले याचे सर्वांत बोलके उदाहरण कै. खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला होता. तेथे ते सहावे आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी महाराजांचा खजिना पाठीशी नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परतल्यावर बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. तिची आठवण आजही सांगितली जाते. त्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. ऑलिंपिकवीराने कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०२४ पासून त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. मान मिळाला, परंतु तो पाहावयास ते नव्हते.

या ताळेबंदातून दोन धडे मिळतात. एक, संस्थानिक गेल्यावर पैलवानाचा खर्च समाजावर आला आणि समाजाने तो कधी उचलला, कधी उचलला नाही. दुसरा, तिशीनंतरच्या पैलवानाला सरकारी नोकरी हाच नवा राजाश्रय झाला. पोलीस दल, राज्य राखीव दल, सैन्य, रेल्वे आणि साखर कारखाने यांनी पुढील पिढ्यांना आधार दिला.

रामलिंग मुदगडचे बिराजदार

मराठवाड्याच्या मल्लविद्येचा विचार रुस्तम-ए-हिंद कै. हरिश्चंद्र बिराजदार यांच्यावाचून पूर्ण होत नाही. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. १९५० साली त्यांचा जन्म झाला. तेव्हा लातूर जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो पुढे १९८२ साली झाला. खेड्यातून कोल्हापूर हीच त्यांचीही वाट. गंगावेश तालमीत त्यांनी मेहनत केली. १९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातूरला भरले आणि तो किताब बिराजदारांनी जिंकला. औरंगाबादेत पहिला किताब दिला गेल्यापासून आठ वर्षांनी मराठवाड्याच्या मातीत मराठवाड्याचाच मल्ल महाराष्ट्र केसरी झाला, आणि तेव्हा त्यांचे वय विशीच्याही आत होते. पुढच्याच वर्षी एडिनबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले.

त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली ती १९७७ ची बेळगावची कुस्ती. दिल्लीच्या गुरू हनुमान यांच्या आखाड्यातील सतपाल यांचा त्या काळी मोठा दबदबा होता. पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे आणि सुशील कुमारसारखा शिष्य घडविणारे हेच ते सतपाल. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी त्यांना हरविले. त्या कुस्तीच्या आठवणी जुने शौकीन आजही सांगतात.

तथापि, लेखाच्या दृष्टीने बिराजदारांचे मोठेपण बेळगावनंतर सुरू होते. अंगातील रग ओसरल्यावर ते वस्ताद झाले. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुले घडविली. लातूर, बीड अशा भागांतून आलेल्या मुलांना पुण्यात आपल्या मुलखाची भाषा बोलणारा गुरू मिळाला. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. १४ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे एक शिष्य काका पवार. अर्जुन पुरस्काराचे मानकरी असलेल्या पवारांनी पुण्यात स्वतःचे कुस्ती संकुल उभे केले आणि गुरूची परंपरा पुढे चालविली. दुसरे शिष्य बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे. त्यांचे वडील स्वतः पैलवान, त्यामुळे पहिले धडे घरीच मिळाले. लहान वयात ते बिराजदारांकडे आले आणि गुरूच्या निधनानंतर काका पवारांच्या छत्राखाली गेले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक जिंकले, २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळविले आणि २०२० साली राज्य शासनाने त्यांना थेट पोलीस उपअधीक्षकपदी नेमले. खाशाबांची सुरुवात उपनिरीक्षकपदापासून झाली होती, आवारेंची उपअधीक्षकपदापासून. दोन नेमणुकांमधील हे अंतर काटावयास ६५ वर्षे लागली.

जानेवारी २०२० मधील एक प्रसंगही नोंदविण्याजोगा आहे. पुण्यात बालेवाडी येथे झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवारांचे शिष्य, एकाच छताखाली सराव करणारे. अटीतटीच्या लढतीत सदगीर जिंकले आणि त्यांनी हरलेल्या मित्राला खांद्यावर उचलून घेतले. रामलिंग मुदगडहून निघालेल्या एका मुलाने लावलेल्या रोपाला आलेली ही फळे होत.

शिल्लक

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. मातीच्या जोडीला गादी आली. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते अंतिम लढतीत भेटतात. २०२३ च्या जानेवारीत विजेत्या शिवराज राक्षे यांना रोख पाच लाख रुपये आणि मोटार मिळाली. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथमच झाली आणि प्रतीक्षा बागडी तिच्या पहिल्या मानकरी ठरल्या. किताबी मल्लांच्या मानधनात वाढ करण्याची घोषणाही शासनाने त्याच वर्षी केली. या साऱ्या गोष्टी स्वागतार्ह आहेत.

पण मोटार मिळते ती एकाला. मानधन मिळते ते किताब जिंकलेल्यांना. जो मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून शहराच्या तालमीत आला आणि विसाव्या वर्षी गुडघा दुखावून परतला, त्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. त्याचे शिक्षण अर्धवट, शरीर जायबंदी आणि घरावर कर्ज. एका किताबवीरामागे असे कितीतरी जण असतात. पैलवानकीच्या जमाखर्चातील ही बुडीत खाती होत आणि त्यांचा हिशेब आजवर कोणी मांडलेला नाही.

इतिहास पाहता एवढे निश्चित म्हणता येते की पैलवानाच्या वाटेवर बक्षीस शेवटी लागते आणि आधाराची गरज प्रारंभी असते. शाहू महाराजांनी, प्राचार्य खर्डेकरांनी आणि बिराजदार वस्तादांनी हेच ओळखले होते. त्यांपैकी एक राजा होता, एक शिक्षक, एक स्वतः मल्ल. तिघांनीही मुलगा जिंकण्यापूर्वी त्याच्या पाठीशी उभे राहण्याचे धाडस केले. मराठवाड्यातील गावोगावच्या तालमींना आज गरज आहे ती अशाच आधाराची: दुधाचा रोजचा रतीब, दुखापतीवर वेळेवर उपचार, आणि कुस्ती सुटली तरी शाळा सुटू नये अशी व्यवस्था. खर्च फार मोठा नाही. एखादा गाव, एखादी संस्था, एखादे सधन कुटुंबही तो उचलू शकेल.

१९६१ साली ज्या शहराने पहिला महाराष्ट्र केसरी पाहिला, त्या शहराच्या भोवतालच्या खेड्यांत आजही पहाटे हौदे खणले जातात आणि मुले जोर काढतात. त्यांतील कोणी किताब आणील, कोणी रित्या हाताने घरी परतेल. परतणाऱ्याच्या हाती पोटापुरते शिक्षण आणि पाय रोवण्यापुरता आधार असला, तर पैलवानकीचा हा ताळेबंद खऱ्या अर्थाने जुळला असे म्हणता येईल.